कुत्रीच्या जननमार्गातील अर्बुदे

कुत्रीचे अंडकोश, अंडवाहिन्या, गर्भाशय, योनिमार्ग, योनिप्रघाण (योनिमार्ग व मूत्रमार्ग या दोहोंना समाईक असा बाहेरील भाग) आणि भग यांमध्ये कोशिकांच्या (पेशींच्या) अनियंत्रित वाढीमुळे निर्माण होणाऱ्या गाठींचा समावेश या संज्ञेत होतो. इतर अर्बुदांप्रमाणे यांतही साधी (जागच्या जागी वाढणारी) व मारक (आसपासच्या ऊतकांत शिरणारी व दूरच्या इंद्रियांत पसरणारी) असे दोन प्रकार आढळतात. मात्र या वर्गात एक अर्बुद असे आहे की, ते या दोहोंपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. ते एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे संसर्गाने जाते. भारतासारख्या ज्या देशांत कुत्री मोकळी हिंडतात, तेथे पशुवैद्यासमोर येणाऱ्या कुत्रीच्या जननमार्गातील अर्बुदांत याच सांसर्गिक अर्बुदाचे प्रमाण फार मोठे असते. याउलट ज्या देशांत कुत्र्या घरातच पाळल्या जातात व लहान वयातच त्यांचे अंडकोश काढले जातात, तेथे जननमार्गातील सर्वच अर्बुदे विरळा झाली आहेत.

शरीररचना व माजचक्र : कुत्रीचे दोन अंडकोश मूत्रपिंडांच्या किंचित मागे असतात व प्रत्येक अंडकोश चरबीयुक्त पिशवीत जवळजवळ पूर्णपणे झाकलेला असतो. त्यामुळे पोट कापल्यानंतरही तो लगेच दृष्टीस पडत नाही. गर्भाशयाचे मूळ शरीर आखूड असून त्यापासून दोन लांब शृंगे निघतात. योनिमार्ग शरीराच्या मानाने बराच लांब असून त्याच्या बाहेरील टोकास, योनिप्रघाणाच्या तळाशी, मूत्रमार्गाचे छिद्र असते. हे छिद्र इतक्या जवळ असल्यामुळे योनिमार्गातील गाठीचे रक्त मूत्राबरोबर बाहेर येते आणि विकार मूत्राशयाचा असल्याचा समज होतो.

कुत्री साधारणपणे सहा-सात महिन्यांनी एकदा माजावर येते. माजाच्या पूर्वकाली सु. ९ दिवस भग सुजलेले असते व त्यातून रक्तमिश्रित स्राव वाहतो. पुढील सु. ९ दिवसांत स्राव फिकट होतो व कुत्री नराला जवळ येऊ देते. त्यानंतर गर्भ राहिला असो वा नसो, सु. दोन महिने रक्तात प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनाचे (अंतःस्रावी ग्रंथीतून सरळ रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावाचे) प्रमाण वाढलेले राहते. या चक्राची माहिती निदानाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. भगातून रक्त येणे ही गोष्ट कुत्रीच्या बाबतीत वर्षातून दोनदा नैसर्गिकच असल्यामुळे धन्याला तिचे काही वाटत नाही आणि अर्बुदाचा रक्तस्राव ‘लांबलेला माज’ म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्षिला जातो. मागील माज केव्हा आला, किती दिवस टिकला, नराशी संयोग झाला काय आणि अंडकोश काढलेले आहेत काय, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज केलेली तपासणी अपुरीच समजली पाहिजे. अंडकोश काढलेल्या कुत्रीत असा स्राव कधीच नैसर्गिक नसतो.

अंडकोशाची अर्बुदे : ही एकंदरीत विरळा असून प्रौढ व वृद्ध कुत्र्यांत आढळतात. उगमानुसार त्यांचे तीन गट पडतात : अंडकोशाच्या पृष्ठभागावरील अभिस्तरापासून (आच्छादक पातळ थरापासून) होणारी ग्रंथ्यर्बुदे व ग्रंथि-कर्क, अंडपुटकाच्या कणमय कोशिकांपासून होणारी आणि जननकोशिकांपासून होणारी. कणमय-कोशिका अर्बुद हॉर्मोने निर्माण करू शकते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. स्त्रीमदजन (ईस्ट्रोजेन) अधिक झाल्यास माज संपतच नाही, भग सुजलेले राहते, दोन्ही कुशींवरचे केस सारख्या प्रमाणात गळतात आणि दीर्घकाळ असेच चालू राहिल्यास अस्थिमज्जेची रक्तकोशिका तयार करण्याची क्रिया दडपली जाऊन पांडुरोग व रक्तस्राव संभवतो. प्रोजेस्टेरॉन अधिक झाल्यास गर्भाशयात पू साठतो (पूयगर्भाशय). अशा कुत्रीत पू काढण्यासाठी तातडीची शस्त्रक्रिया होते आणि अर्बुद त्या वेळी प्रथमच नजरेस येते. अशा अर्बुदांत रक्तातील प्रति-म्युलर हॉर्मोनाचे प्रमाण वाढते, असे अलीकडे आढळून आले असून त्या चाचणीचा निदानास उपयोग होतो.

जननकोशिकांपासून होणाऱ्या अर्बुदांपैकी विलक्षणार्बुदात केस, हाड, क्वचित दातही सापडतात. त्यातील चुनखडीयुक्त भाग क्ष-किरण चित्रात दिसत असल्याने एवढे एक अर्बुद शस्त्रक्रियेपूर्वीही बऱ्याच खात्रीने ओळखता येते. ग्रंथि-कर्क मात्र पर्युदरावर (उदरातील इंद्रियांवरील आवरणावर) बीजे पेरल्याप्रमाणे पसरतो व पोटात पाणी साठते. सुईने पोटातूनच अंडकोशाच्या गाठीचा नमुना घेतल्यास कोशिका सांडून असाच प्रसार होण्याचा धोका असतो. म्हणून श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने (सोनोग्राफीने) गाठ अंडकोशाची आहे असे दिसल्यास नमुना घेण्यापेक्षा उदर उघडून दोन्ही अंडकोश व गर्भाशय काढणे आणि काढलेल्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकीय परीक्षा करणे हा मार्ग श्रेयस्कर मानतात. तत्पूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र घेऊन फुप्फुसांत दुय्यम गाठी नाहीत ना, हे पाहतात. नसबंदीच्या वेळी अंडकोशाचा लहानसा तुकडा आत राहून गेल्यास कुत्री पुन्हा माजाची लक्षणे दाखवू लागते आणि काही वर्षांनी त्या तुकड्यातही अर्बुद होऊ शकते.

गर्भाशयाची अर्बुदे : कुत्र्यांच्या सर्व अर्बुदांत यांचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. त्यांतील बहुसंख्य अर्बुदे स्नायूंपासून झालेली साधी (अरेखित स्नायू-अर्बुदे) असतात. ती बहुधा काहीच त्रास देत नाहीत व दुसऱ्या कारणासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत किंवा शवपरीक्षेत योगायोगाने आढळतात. जर्मन शेफर्ड जातीत मूत्रपिंडाचा द्रवार्बुदी कर्क, त्वचेतील कठीण गाठी व गर्भाशयातील अनेक स्नायू-अर्बुदे असा त्रिविध विकार आनुवंशिक रीतीने उतरतो. त्यामुळे या जातीच्या कुत्रीच्या त्वचेवर अशा गाठी दिसल्यास मूत्रपिंडांचीही तपासणी करणे अगत्याचे असते.

योनिमार्ग व भग यांची अर्बुदे : सांसर्गिक अर्बुद वगळल्यास येथील बहुतेक गाठी साध्या असतात व अंडकोश न काढलेल्या सु. दहा वर्षांच्या आसपासच्या कुत्र्यांत आढळतात. अरेखित स्नायू-अर्बुद व तंतू-अर्बुद हे नेहमीचे प्रकार होत. त्यांची वाढ हॉर्मोनांवर अवलंबून असावी, असे त्यांच्या वागणुकीवरून दिसते. लहान वयात अंडकोश काढलेल्या कुत्र्यांत ती क्वचितच होतात. काही गाठी योनिमार्गाच्या पोकळीत देठावर लोंबतात व कुत्रीने जोर केल्यावर भगाबाहेर डोकावतात. काही भिंतीच्या बाहेरच्या बाजूस वाढून गुदद्वाराखाली फुगवटा आणतात. मल वा मूत्र विसर्जनास त्रास, भगातून स्राव, सतत चाटणे व प्रसूतीत अडथळा ही लक्षणे होत. देठ असलेली गाठ भगाच्या वरच्या टोकापासून छेद घेऊन काढता येते. मात्र मूत्रमार्गात आधी नळी घालून ठेवणे अवश्य असते. त्याच वेळी अंडकोश काढल्यास गाठ पुन्हा उद्‌भवण्याची शक्यता फारच कमी राहते.

येथे एका भ्रामक अवस्थेचा उल्लेख केला पाहिजे. बॉक्सरसारख्या आखूड तोंडाच्या जातींच्या तरुण कुत्रीत माजाच्या काळात योनिमार्गाच्या तळाची श्लेष्मकला सुजून तांबूस, गुळगुळीत गोळ्याच्या रूपाने भगाबाहेर येते. तिला योनिअतिवृद्धी म्हणतात. हे अर्बुद नव्हे; माज संपल्यावर सूज आपोआप उतरते. वय, माजाची वेळ व गुळगुळीत पृष्ठभाग यांवरून ती ओळखता येते. तसेच वृद्ध कुत्रीत मूत्रमार्गाचा मारक कर्क योनिप्रघाणात वाढून योनिमार्गाचाच असल्याचा भास करून देतो. त्याचे भवितव्य मात्र साध्या गाठीहून सर्वस्वी वेगळे असते.

सांसर्गिक लैंगिक अर्बुद : याला स्टिकर मांसार्बुद असेही म्हणतात, व्यवहारात पशुवैद्य त्याचा उल्लेख ‘टीव्हीटी’ या आद्याक्षरांनी करतात. कुत्र्याच्या जननेंद्रियांवरील अशा गाठींची वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतात. १८७६ मध्ये रशियन पशुवैद्य म्स्टिस्लाव्ह नॉव्हिन्स्की यांनी अशा गाठीचे तुकडे निरोगी कुत्र्यात रोपून तेथे नवीन अर्बुद निर्माण करून दाखविले. एका प्राण्यातील अर्बुद दुसऱ्यात यशस्वी रीतीने रुजविण्याचा हा पहिला प्रयोग होय आणि प्रायोगिक अर्बुदविज्ञानाचा आरंभ अनेक जण येथूनच मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत स्टिकर यांनी या अर्बुदाचा विस्तृत अभ्यास केला. त्यांच्या नावावरून वरील पर्यायी नाव रूढ झाले.

या अर्बुदाचे कारण दीर्घकाळ वादग्रस्त होते. संसर्गाने पसरते म्हणजे मुळाशी विषाणू असला पाहिजे, असे अनेकांनी गृहीत धरले. परंतु कोशिका नष्ट केलेल्या अर्बुदरसाने रोग होत नाही, जिवंत कोशिकाच रोपाव्या लागतात, असे पुन:पुन्हा दिसून आले. कुत्र्याच्या कोशिकेत ७८ गुणसूत्रे (आनुवंशिक लक्षणे वाहून नेणारे सूत्रासारखे घटक) असतात, तर या अर्बुदाच्या कोशिकेत ती साठाच्या आसपासच असून त्यांची ठेवणही वेगळी असते. जगात निरनिराळ्या ठिकाणच्या अर्बुदांत हाच फरक आढळणे अर्थपूर्ण होते. १९८० नंतरच्या दशकात मिक या जीनाजवळ (आनुवंशिक लक्षणांच्या एककाजवळ) आनुवंशिक द्रव्याचा एक जादा तुकडा घुसल्याचे या अर्बुदात आढळले. हीच खूण आज त्याच्या निश्चित ओळखीसाठी वापरतात. २००६ मध्ये लंडन येथील रॉबिन वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी इटली, भारत, केन्या इ. देशांतील नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्बुदातील कोशिका ज्या कुत्र्याच्या अंगावर वाढत होत्या त्या कुत्र्याच्या नसून दूरदूरच्या अर्बुदांतील कोशिका परस्परांच्याच आप्त आहेत, हे त्यावरून सिद्ध झाले. म्हणजे जगातील अशी सर्व अर्बुदे एकाच मूळ कुत्र्याच्या शरीरात एकदाच उद्‌भवलेल्या कोशिकेची संतती होत. तो कुत्रा केव्हाच मेला. त्याच्या कोशिका मात्र एका शरीरातून दुसऱ्यात जात आजही जिवंत आहेत.

हे केव्हा घडले याचा अंदाज उत्परिवर्तनांच्या (आनुवंशिक द्रव्यात एकाएकी होणाऱ्या बदलांच्या) संख्येवरून बांधतात. २०१४ मध्ये केंब्रिज येथील एलिझाबेथ मर्चिसन व सहकाऱ्यांनी दोन अर्बुदांच्या संपूर्ण आनुवंशिक द्रव्याचे वाचन करून ते सु. ११,००० वर्षांपूर्वीचे ठरविले होते. २०१९ मध्ये त्याच गटाने ४३ देशांतील ५४६ अर्बुदांवरून काढलेला अंदाज ४,००० ते ८,५०० वर्षे असा आहे. उगम आशियात झाला असावा व अमेरिका खंडात रोग सु. ५०० वर्षांपूर्वी, बहुधा सागरी प्रवाशांबरोबरच्या कुत्र्यांतून, पोहोचला असावा, असे त्यावरून दिसते. या प्रवासात अर्बुदाच्या कोशिकांनी आश्रयदात्या कुत्र्यांकडून कलकणूही (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणारे सूक्ष्म घटक) अनेकदा उचलले आहेत. अशा प्रकारे संसर्गाने पसरणारे कर्क निसर्गात मोजकेच आहेत. टास्मानियातील डेव्हिल या मांसाहारी शिशुधान (पिलू पिशवीत वाढविणाऱ्या) प्राण्याच्या तोंडावरील कर्क व काही शिंपल्यांतील रक्तकर्क ही इतर उदाहरणे होत. कुत्र्याचे हे अर्बुद माणसास होत नाही. घरातील मुलांना त्यापासून धोका आहे की काय, अशी धास्ती धन्याच्या मनात नेहमी असते आणि तिच्यापायी आजारी कुत्री रस्त्यावर सोडून दिल्या जातात. म्हणून ही गोष्ट पशुवैद्याने आपण होऊन सांगणे इष्ट ठरते.

प्रसार व वाढ : कुत्र्यांचा संयोग दीर्घकाळ चालतो. शिश्नाच्या मुळाशी असलेला भाग फुगल्यामुळे नर व मादी बराच वेळ अडकून राहतात व श्लेष्मकलेस बारीक जखमा होतात. रोगी प्राण्याच्या अर्बुदातून सहज सुटणाऱ्या कोशिका या जखमांत रुजतात. हुंगणे व चाटणे या सवयींमुळे त्या नाक, तोंड, डोळ्याची श्लेष्मकला व त्वचा येथेही पोहोचतात. त्यामुळे नाकातून वारंवार रक्त येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीतही हे अर्बुद ध्यानात ठेवावे लागते. संसर्गानंतर गाठ दिसू लागण्यास साधारणपणे दोन ते सहा महिने लागतात.

परक्या प्राण्याची कोशिका शरीराने तत्काळ नाकारावी असा नियम असताना ही कोशिका कशी रुजते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वाढीच्या काळात ही कोशिका आपल्या पृष्ठावरील ओळखदर्शक प्रथिने जवळजवळ दिसूच देत नाही. शिवाय ती भोवतालच्या प्रतिरक्षक कोशिकांना निष्प्रभ करणारे द्रव्य स्रवते. प्रयोगात रोपलेल्या अर्बुदांत काही महिन्यांनी लसीका-कोशिका आत शिरतात, त्यांच्या स्रावांमुळे ती प्रथिने पुन्हा प्रकट होतात आणि अर्बुद आक्रसून नाहीसे होते. बरा झालेला कुत्रा पुढे काही काळ तरी या अर्बुदास दाद देत नाही. हे वाचून ‘आपोआप बरे होईल’ म्हणून वाट पाहणे मात्र चुकीचे आहे. नैसर्गिक संसर्गात असे आपोआप बरे होणे अनिश्चित असते व वाट पाहण्याच्या काळात कुत्री इतरांना रोग देत राहते. पिले व दुबळी कुत्री यांमध्ये जांघेतील लसीका ग्रंथी व क्वचित आतील इंद्रियांतही अर्बुद पसरते. निरोगी प्रौढ कुत्र्यांत असे थोड्याच वेळा घडते.

लक्षणे व निदान : योनिमार्ग व योनिप्रघाण यांच्या सांध्याजवळ आरंभी मसुराएवढी लाल पुळी दिसते. पुढे तिची फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, मांसल, ठिसूळ व हात लागताच रक्त येणारी गाठ बनते. ती १० सेंमी.हून मोठीही होऊ शकते. भगातून थेंबथेंब रक्त, दुर्गंधी, सतत चाटणे, नराला जवळ न येऊ देणे व भगाचा आकार बेढब होणे ही लक्षणे होत. मोकाट कुत्रीत जखमेवर माश्या बसून अळ्या पडतात आणि अनेकदा केवळ त्यांसाठी तिला दवाखान्यात आणले जाते. अळ्या काढून जखम धुतल्यावर खालच्या अर्बुदाकडे दुर्लक्ष होऊ नये. दीर्घकालीन रक्तस्रावाने पांडुरोग होतो.

हातमोजे घालून बोटाने केलेली योनिपरीक्षा ही सर्वांत सोपी व सर्वांत जास्त वेळा टाळली जाणारी तपासणी होय. गाठ हाताला लागल्यावर तिच्या पृष्ठभागावर काचपट्टी अलगद टेकवून ठसा घेतात अथवा बारीक सुईने कोशिका काढतात व लीशमन किंवा गीम्सा रंजकाने रंगवितात. सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या गोल कोशिका, गोल केंद्रक, त्यात एक-दोन ठळक केंद्रिका आणि फिकट निळ्या कोशिकाद्रव्यात ओळीने मांडल्यासारखी स्वच्छ, वाटोळी पोकळ्यांची नक्षी हे दृश्य इतके वैशिष्ट्यपूर्ण असते की, जननेंद्रियावरील गाठीच्या बाबतीत निदानास आणखी काही लागत नाही. या परीक्षेस अर्धा तास व नाममात्र खर्च पुरतो. नाक वा त्वचेवरील गाठीत मात्र लसीकार्बुद व इतर गोल कोशिकांची अर्बुदे यांच्याशी घोटाळा संभवतो. तेथे ऊतकपरीक्षा किंवा वर सांगितलेल्या जीनाच्या खुणेची चाचणी करावी लागते.

उपचार : पूर्वी शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता. परंतु गाठीला स्पष्ट सीमा नसते, मूत्रमार्गाचे छिद्र जवळ असते आणि कापताना सुटलेल्या कोशिका जखमेतच रुजतात. यामुळे अर्बुद पुन्हा उद्‌भवण्याचे प्रमाण मोठे असे. आज व्हिन्क्रिस्टीन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. मूळच्या मादागास्करच्या व महाराष्ट्रात दारोदार लावल्या जाणाऱ्या सदाफुलीच्या पानांत अत्यल्प प्रमाणात असलेले हे अल्कलॉइड १९६३ मध्ये अमेरिकेत मानवी कर्करोगांवरील उपचारासाठी मान्य झाले. कोशिका-विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे वेगळी करणारे तंतू ते बनू देत नाही व विभाजन अर्ध्यावरच थांबते. मात्रा दर किग्रॅ. वजनास ०·०२५ मिग्रॅ. असून एकूण मात्रा १ मिग्रॅ.पेक्षा जास्त देत नाहीत. उदा., १६ किग्रॅ. वजनाच्या कुत्रीस ०·४ मिग्रॅ. द्यावे लागते. शरीराच्या पृष्ठभागावरूनही (दर चौ. मी.ला ०·५ ते ०·७ मिग्रॅ.) मात्रा ठरवितात. औषध आठवड्यातून एकदा शिरेतून देतात व बहुधा तीन ते सहा, क्वचित आठ अंतःक्षेपणे पुरतात. बरे होण्याचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक आहे. कर्काच्या बाबतीत असे यश दुर्मिळच म्हटले पाहिजे.

औषध शिरेबाहेर सांडल्यास तेथील ऊतक कुजते; म्हणून शिरेत नळी पक्की बसविल्याची खात्री झाल्याशिवाय ते देत नाहीत. प्रत्येक वेळी आधी श्वेत कोशिकांची गणना करतात. ती घ. मिमी.ला ४,००० पेक्षा कमी असल्यास अंतःक्षेपण तीन-चार दिवस पुढे ढकलून मात्रा कमी करतात. भूक मंदावणे, वांती, बद्धकोष्ठ व क्वचित मागील पायांत दुबळेपणा हे दुष्परिणाम होत. कोली व तत्सम मेंढपाळ जातींच्या काही कुत्र्यांत औषध कोशिकांबाहेर फेकणाऱ्या प्रथिनाचा जीन सदोष असल्याने नेहमीची मात्राही विषारी ठरते. गाभण कुत्रीस हे औषध देणे टाळतात. औषध हाताळणाऱ्याने हातमोजे वापरावेत, तसेच उपचाराच्या काळात कुत्रीचे मलमूत्रही उघड्या हाताने उचलू नये. गरोदर स्त्रीने या कामापासून दूर राहिलेले बरे.

उपचार फसण्याचे सर्वांत मोठे कारण औषधाचा दुबळेपणा हे नसून तो अर्धवट सोडणे हे आहे. पहिल्या-दुसऱ्या अंतःक्षेपणानंतरच रक्त थांबते व गाठ निम्म्याने लहान होते. धन्यास कुत्री बरी झाली असे वाटते व तो पुन्हा येत नाही. उरलेल्या कोशिकांतून अर्बुद परत वाढते आणि पुढे त्याच औषधाला ते तितकी दाद देत नाही. म्हणून गाठ डोळ्यांस व बोटास पूर्णपणे नाहीशी होईपर्यंत अंतःक्षेपणे चालू ठेवावी लागतात. व्हिन्क्रिस्टिनाला न जुमानणाऱ्या अर्बुदावर डॉक्सोरुबिसीन (दर चौ. मी.ला ३० मिग्रॅ., दर तीन आठवड्यांनी) देतात. प्रारण चिकित्सेनेही (किरणोत्सर्गी उपचारानेही) हे अर्बुद उत्तम रीतीने बरे होते. परंतु जनावरांसाठी ती सोय फारच थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे.

प्रतिबंध : अंडकोश व गर्भाशय काढल्याने त्या इंद्रियांची अर्बुदे टळतात, योनिमार्गाची हॉर्मोनावलंबी अर्बुदे बहुतांशी टळतात व पूयगर्भाशयही होत नाही. स्तनग्रंथी जननमार्गात मोडत नसल्या, तरी त्यांच्या अर्बुदांचा संबंध येथेच येतो. १९६९ मधील एका अमेरिकन अभ्यासात पहिल्या माजापूर्वी अंडकोश काढलेल्या कुत्र्यांत स्तनार्बुदाचा धोका अंडकोश न काढलेल्या कुत्र्यांच्या मानाने ०·५ टक्का, एका माजानंतर ८ टक्के व दोन वा अधिक माजांनंतर २६ टक्के आढळला होता. हे आकडे पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र उद्‌धृत केले जातात. मात्र २०१२ मध्ये झालेल्या पद्धतशीर आढाव्यात त्यांमागील पुरावा दुबळा ठरला आहे. फार लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने काही मोठ्या जातींत सांध्यांचे विकार व मूत्रावरील ताबा सुटण्याचे प्रमाण वाढते, असेही दिसून आल्याने शस्त्रक्रियेचे वय जात व परिस्थिती पाहून ठरविण्याकडे आता कल आहे.

सांसर्गिक अर्बुदाचा प्रश्न मात्र एकट्या कुत्रीपुरता सुटत नाही. ब्रिटनमध्ये कुत्र्यांच्या मोकाट हिंडण्यावर नियंत्रण आल्यावर विसाव्या शतकात हा रोग नाहीसा झाला. आज तेथे तो परदेशांतून आणलेल्या कुत्र्यांतच आढळतो. भारतात प्राणी जन्मनियंत्रण (श्वान) नियम २००१ मध्ये झाले व त्यांची जागा २०२३ च्या नव्या नियमांनी घेतली. त्यांनुसार मोकाट कुत्री पकडून, नसबंदी व अलर्क रोगाची (पिसाळण्याच्या रोगाची) लस देऊन पुन्हा सोडण्याची तरतूद आहे. नसबंदीमुळे संयोग थांबून प्रसार कमी होतो हे खरे. परंतु पोटातून केलेल्या नसबंदीत योनिमार्ग शरीरातच राहतो आणि त्यातील अर्बुद शस्त्रक्रिया करणाऱ्यास दिसतही नाही. अशी कुत्री शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच सोडली गेल्यास तिचा रक्तस्राव चालूच राहतो व तिला हुंगणाऱ्या-चाटणाऱ्या कुत्र्यांना संसर्ग होत राहतो. यासाठी भूल दिलेल्या प्रत्येक कुत्रीची योनिपरीक्षा, तसेच पकडलेल्या प्रत्येक नराचे शिश्न आवरण मागे सारून पाहणे हा नसबंदीचाच भाग मानला पाहिजे. याला एका प्राण्यामागे दोन मिनिटेही लागत नाहीत. अर्बुद आढळल्यास व्हिन्क्रिस्टिनाची मालिका पूर्ण होईपर्यंत चार ते सहा आठवडे त्या प्राण्यास पिंजऱ्यात वा निवाऱ्यात ठेवावे लागते. जागेच्या अभावी हे नेहमी शक्य होत नाही. अशा वेळी वस्तीत कुत्रीला नियमित खाऊ घालणारी व्यक्ती शोधून, तिच्या साहाय्याने ठरलेल्या वारी कुत्री पुन्हा पकडून अंतःक्षेपण देणे हा व्यवहार्य पर्याय होय.